'कृपापूर्ण' : एका विशेषणाची अर्थचिकित्सा

कॅथलिक समाजाच्या नित्य उपासनेत मरीयावंदनेचे स्थान प्रभूच्या प्रार्थनेच्या खालोखाल मानावे लागेल. जपमाळेच्या एका नेहमीच्या आवर्तनात ही वंदना ५३ वेळा म्हटली जाते. इतक्या वेळा उच्चारलेला शब्द झिजून गुळगुळीत होतो आणि त्याच्या अर्थाकडे पाहण्याचे प्रयोजन उरत नाही, अशी एक समजूत आहे. ती फारशी खरी नव्हे. शब्द जितका नित्याचा, तितका तो बोलणाराच्या कल्पनाविश्वाला नकळत आकार देतो. विद्वानांच्या ग्रंथातील परिभाषा चुकली तर टीपेने सावरता येते. प्रार्थनेला टीप जोडता येत नाही. मराठी प्रार्थनापाठात मरीयेला लावले जाणारे 'कृपापूर्ण' हे विशेषण याच कारणास्तव तपासून पाहण्याजोगे आहे. या विशेषणाने मरीया कृपा करणारी ठरते की कृपा स्वीकारणारी, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. सोळाव्या शतकात पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात जो मोठा विच्छेद झाला, त्यातील एक तंटा नेमका याच प्रश्नावर होता.

मूळ शब्द लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या वचनात येतो. देवदूत मरीयेला जी हाक मारतो तिच्यात 'मरीया' हे नावच नाही. नावाच्या जागी 'केखारितोमेने' असे एकच पद आहे. 'खारितोओ' या ग्रीक धातूचे हे कर्मणि पूर्णकालवाचक धातुसाधित होय. धातू प्रयोजक स्वरूपाचा आहे; एखाद्याला 'खारिस'युक्त करणे, हा त्याचा अर्थ. कर्मणि रूपामुळे करणारा अन्य कोणी आहे हे सूचित होते, आणि पूर्णकाळामुळे क्रिया होऊन गेली असून तिचा परिणाम टिकून आहे हे कळते. पदाचा हा व्याकरणसंभार ध्यानात घेतला म्हणजे त्याचा आशय असा दिसतो : जिच्यावर अनुग्रहाची क्रिया घडून चुकली आहे आणि जी त्या क्रियेच्या फलात आता वास करीत आहे, अशी ती. येथे आणखी एक ध्वनिसाम्य आहे, जे कोणत्याही भाषांतरात टिकलेले नाही. वंदनेचा पहिला शब्द 'खाइरे' म्हणजे 'आनंदित हो', आणि 'खारिस' हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे ग्रीक श्रोत्याला कृपेच्या शब्दात आनंदाचा स्वर ऐकू येत होता.

व्हल्गेट या लॅटिन बायबलाने या एका पदाच्या जागी 'ग्रातिया प्लेना', म्हणजे 'कृपेने पूर्ण', अशी दोन पदे ठेवली. धातुसाधित गेले, विशेषण आले. घटना गेली, स्थिती आली. हे भाषांतर चूक आहे असे सरसकट म्हणता येणार नाही, परंतु ते एकमेव शक्य भाषांतर नव्हते हे निश्चित. तोच धातू इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात येतो तेव्हा व्हल्गेट तेथे 'ग्रातिफिकाव्हित' असे क्रियापद वापरते. उलट, शब्दशः 'कृपेने पूर्ण' असे म्हणावयाचे असेल तर त्यासाठी ग्रीकात स्वतंत्र पदयोजना उपलब्ध होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात ती ख्रिस्ताविषयी आणि आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या पाठानुसार प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात स्तेफनाविषयी योजलेली आहे. प्रेषितांची कृत्ये हा ग्रंथही लूकचाच. तेव्हा लूकला 'पूर्ण' म्हणावयाचे असते तर त्याला शब्दांची वाण नव्हती. मात्र ग्रीक पद सर्वस्वी निःसंदिग्ध होते असेही समजू नये. सिराखाच्या बोधग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात, अठराव्या अध्यायात, हेच धातुसाधित पुल्लिंगी रूपात आले आहे, आणि तेथे त्याचा रोख गोड शब्दाने दान देणाऱ्या सौजन्यशील पुरुषाकडे आहे. ग्राहक आणि दाता यांच्यातील सीमारेषा मूळ भाषेतही थोडी अस्पष्ट होती, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरता येणार नाही.

प्रार्थना म्हणून हे वचन रूढ होताना त्यात 'मरीया' हे नाव घातले गेले. बदल लहान दिसतो. पण जे पद स्वतःच नाव होते, ते त्यामुळे नावाला जोडलेले विशेषण झाले. शतकानुशतके उपासकाने जे ऐकले ते हे विशेषण.

या विशेषणावर सर्वांत झोंबणारी टीका मार्टिन ल्यूथरची. १५३० मध्ये भाषांतरकलेविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्याने विचारले की, कृपेने भरलेली असे कोणता जर्मन माणूस बोलतो? असे शब्द ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे बिअरने भरलेले पिंप किंवा पैशाने भरलेली थैलीच यावयाची. म्हणून त्याने 'होल्डसेलिग', म्हणजे मनोहर, प्रियदर्शिनी, अशा अर्थाचा शब्द पत्करला. इरॅस्मसनेही आपल्या लॅटिन भाषांतरात 'ग्रातियोसा' असा शब्द ठेवून पूर्णत्वाची कल्पना बाजूस सारली होती. ल्यूथरचा विनोद भाषेचा होता, पण विनोदाखाली सिद्धांत होता. त्याच्या मते कृपा ही देवाची प्रसन्न दृष्टी. ती माणसाच्या आत साठवावयाची वस्तू नव्हे. जी वस्तूच नाही तिने कोणी भरणार कसे? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी सहाव्या सत्रात याला उत्तर दिले. नीतिमत्करणाची कृपा म्हणजे केवळ देवाची मर्जी, असे म्हणणे अकराव्या नियमाने त्याज्य ठरविले गेले. ती पवित्र आत्म्याच्या द्वारे अंतःकरणात ओतली जाते आणि तेथे वास करते, असे परिषदेने सांगितले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या करून या वादाची धार पुष्कळ बोथट केली. तथापि कृपा 'वर' की 'आत', हा भेद परिभाषेत आजही जिवंत आहे.

या भेदाचे सर्वांत सुबोध विवेचन ट्रेंटच्या तीन शतके आधी थॉमस अक्वायनसने करून ठेवले होते, आणि गंमत अशी की त्यासाठी त्याने आरंभी धर्मशास्त्राचा नव्हे, तर लोकव्यवहारातील भाषेचा आधार घेतला. 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धात, एकशे दहाव्या प्रश्नात, 'ग्रातिया' हा शब्द लोक तीन अर्थांनी वापरतात असे तो दाखवितो. अमुक शिपायावर राजाची मर्जी आहे, हा पहिला अर्थ. फुकट दिलेली देणगी, हा दुसरा. देणगीबद्दलची कृतज्ञता, हा तिसरा. पहिल्यातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा अर्थ निघतो. पुढचे पाऊल मात्र धर्मशास्त्राचे आहे. मनुष्य एखाद्यावर प्रेम करतो ते त्याच्यात काही चांगले आधीच दिसते म्हणून. देवाचे प्रेम चांगुलपणा पाहून उत्पन्न होत नाही, ते चांगुलपणा उत्पन्न करते. म्हणून देवाची मर्जी ज्याच्यावर आहे त्याच्या आत्म्यात काहीतरी घडलेच पाहिजे. मर्जी आणि देणगी हे दोन अर्थ राजाच्या बाबतीत सुटे होऊ शकतात, देवाच्या बाबतीत नाहीत. लॅटिनमध्ये हा युक्तिवाद सहज चालतो, कारण तिन्ही अर्थांना एकच शब्द आहे. मराठीत तो चालविण्यास शब्दाचा आधार मिळत नाही.

मराठी 'कृपा' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. त्याच्या मुळाशी दया, कळवळा ही भावना आहे. दुःखी, दीन, लहान अशा कोणाकडे मोठ्याने पाहावे, ही त्या शब्दाची सहज प्रतिमा. वाक्यरचना तेच सांगते. कृपा कोणाची तरी असते आणि कोणावर तरी असते. षष्ठीने दाता दाखविला जातो, 'वर' या शब्दयोगी अव्ययाने ग्राहक. 'आपली कृपा असावी' हा पत्रलेखनातला जुना संकेत, 'कृपादृष्टी', 'कृपाछत्र', 'कृपावंत', 'कृपाळू' हे सारे शब्द वरून खाली वाहणाऱ्या एका वृत्तीचे द्योतक आहेत. कोणाच्या 'अंगी' कृपा आहे असे म्हटले तर मराठी श्रोता तो मनुष्य दयाळू आहे असे समजेल. त्याला कृपा लाभली आहे असे समजणार नाही. थोडक्यात, अक्वायनसच्या तीन अर्थांपैकी मराठी 'कृपा' पहिल्याला चिकटून राहते. ट्रेंटने जे मत अपुरे म्हणून नाकारले, तेच या शब्दाचे घरचे मत आहे. शिवाय 'खारिस'मधील आनंदाचा स्वर येथे कळवळ्याने घेतला आहे, आणि मरीयेच्या बाबतीत हा बदल विशेष अडचणीचा ठरतो. ८ डिसेंबर १८५४ रोजी नवव्या पायसने मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत घोषित केला, तेव्हा या दूतवचनाचाही आधार घेतला होता. तीही ख्रिस्ताच्या पुण्याईनेच तारली गेली असे त्या सिद्धांतात स्पष्ट म्हटले आहे; पण पापात पडलेल्याची कीव, हा तिच्यावरील अनुग्रहाचा प्रकार नव्हे.

आता 'पूर्ण' या उत्तरपदाकडे वळावे. मराठीत या पदाने होणाऱ्या समासांचे दोन गट पडतात. 'जलपूर्ण', 'अर्थपूर्ण', 'दोषपूर्ण' यांत पूर्वपद वस्तूचे किंवा गुणाचे वाचक आहे, आणि समास त्या वस्तूच्या वा गुणाच्या आश्रयाचा बोध करतो. 'प्रेमपूर्ण', 'आदरपूर्ण', 'दयापूर्ण' यांत पूर्वपद दुसऱ्याविषयीच्या वृत्तीचे वाचक आहे, आणि समास ती वृत्ती बाळगणाराकडे बोट दाखवितो. आदरपूर्ण वर्तन म्हणजे आदर देणाराचे वर्तन, आदर मिळालेल्याचे नव्हे. 'कृपा' ही मराठीत वृत्ती आहे, हे वर दिसलेच. मग 'कृपापूर्ण' म्हणजे कृपा करण्याच्या वृत्तीने भरलेली, हाच अर्थ भाषेच्या नियमाने निघतो. 'कृपापूर्ण दृष्टी' हा प्रयोग त्याची साक्ष देईल. ज्याला कृपा लाभली त्याच्यासाठी मराठीत 'कृपापात्र' आणि 'कृपांकित' असे वेगळे शब्द आहेत. पैकी दुसऱ्यात कर्मणि अर्थ उत्तम उतरतो, पण दरबारी ताबेदारीचा वास त्याला लागलेला आहे.

परिणाम असा की, मरीया ही स्वतःच कृपेचा उगम आहे असे कॅथलिक मानतात, हा जो आक्षेप प्रॉटेस्टंट पंथीयांनी चार शतके घेतला आणि कॅथलिक धर्मशास्त्राने तितकीच वर्षे नाकारला, तो मराठी समासाने नकळत मान्य करून टाकला.

याला दोन उत्तरे संभवतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिले असे की, शब्दाचा अर्थ समाजाच्या वापराने ठरतो. कॅथलिक समाजात धर्मशिक्षणामुळे 'कृपा' हा शब्द वस्तुवाचक बनला असेल, ती मिळते, वाढते, पापाने गमावते, असे तेथे बोलले जात असेल, तर त्या समाजापुरता हा समास पहिल्या गटात जातो आणि आक्षेप गळून पडतो. हे तत्त्वतः मान्य करावे लागेल. परंतु त्याचा अर्थ असा की, श्रद्धावंताला प्रार्थना समजते ती धर्मशिक्षणामुळे, मराठीमुळे नव्हे; ज्या भाषेत तो घरी आणि बाजारात बोलतो ती त्याला येथे साहाय्य करीत नाही, उलट ओढून दुसरीकडे नेते. दुसरे उत्तर अधिक मार्मिक आहे. १५६८ च्या रोमन नित्यप्रार्थनाग्रंथात स्थिर झालेल्या रूपानुसार या वंदनेला विनंतीचा उत्तरार्ध आहे, आणि त्यात मरीयेकडे काही मागितले जात नाही. आम्हा पापी जनांसाठी तू प्रार्थना कर, एवढेच म्हटले जाते. जी स्वतः दात्री असेल तिला दुसऱ्यापाशी प्रार्थना करावयास कोण सांगेल? पूर्वार्धातील विशेषणाने निर्माण केलेला भ्रम उत्तरार्धातील एका आज्ञार्थी क्रियापदाने दूर होतो. प्रार्थनेने आपल्यातच आपले भाष्य वागविले आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. अक्वायनसने दूतवंदनेवरील आपल्या व्याख्यानात मरीयेची पूर्णता इतरांपर्यंत ओसंडते असे म्हटले आहे, याचीही येथे नोंद घ्यावी. पण ओसंडणे हे आधी भरले गेल्यावरचे आहे. शिवाय 'पूर्ण' हा शब्द सापेक्ष असल्याचे त्यानेच 'सुम्मा'च्या तिसऱ्या भागात दाखविले आहे : ख्रिस्ताची पूर्णता निरपेक्ष, मरीयेची आणि स्तेफनाची आपापल्या नियुक्त कार्यापुरती.

मराठी बायबलाच्या प्रचलित प्रॉटेस्टंट भाषांतरात याच ठिकाणी 'कृपा पावलेली' अशी योजना आहे. ती रूक्ष वाटते, पण व्याकरणाच्या तराजूत ती 'कृपापूर्ण'पेक्षा निःसंशय जड ठरते. '-लेला' हा मराठी प्रत्यय घडून गेलेल्या क्रियेची टिकून राहिलेली स्थिती दाखवितो. ग्रीक पूर्णकाळाचे काम तो जवळजवळ तंतोतंत करतो. 'पावणे' हे क्रियापद सकर्तृक असल्याने येथे ग्राहकाच्या प्रयत्नाची छटा येते, अशी शंका घेता येईल. तीही फारशी टिकणारी नाही. 'मरण पावणे', 'नाश पावणे' या प्रयोगांत कर्ता काही करीत नाही, त्याच्या वाट्याला ते येते. आणि हेच क्रियापद उलट दिशेनेही चालते : देव भक्ताला पावतो. एकाच धातूने देवाचे प्रसन्न होणे आणि माणसाचे लाभणे, दोन्ही सांगावीत, हे मराठीचे वैभव भाषांतरकाराने हेतुपूर्वक वापरले की केवळ योगायोगाने त्याच्या हाती आले, हे सांगणे कठीण. लाभ मात्र झाला आहे. उणीव एवढीच की, या रचनेत कृपा शेवटी मर्जीच राहते. ज्या पंथासाठी ते भाषांतर झाले त्याला ती उणीव वाटण्याचे कारण नव्हते.

कॅथलिक नीतिशास्त्रात मात्र ही उणीव दूरवर पोचते. ट्रेंटच्या त्याच निर्णयपत्राच्या पंधराव्या प्रकरणानुसार प्राणघातक पापाने कृपा नष्ट होते, मग श्रद्धा उरलेली असली तरीही. 'कृपा' म्हणजे वरिष्ठाची मर्जी, असे ज्या कानाला ऐकू येते त्याला यातून राजाची मर्जी खप्पा झाल्याचे चित्र दिसेल. आणि मग पश्चात्ताप ही मनधरणी होईल, पापनिवेदन हा अर्ज होईल, प्रार्थना ही देवाचे मन वळविण्याची खटपट होईल. सिद्धांत याच्या अगदी विरुद्ध आहे. पश्चात्तापाची पहिली हालचालच मुळी कृपेने होते, असे ट्रेंट सांगते. प्रार्थनेने देवाचा संकल्प बदलावयाचा नसतो. जे प्रार्थनेच्या द्वारे मिळावे असा देवाचा संकल्प आहे ते मिळवावयाचे असते, असे अक्वायनस सांगतो. लूकच्या कथेतही क्रम असाच आहे. मरीयेची संमती अडतिसाव्या वचनात येते. अनुग्रहाचे पद दहा वचने आधी. संमती तिची, पण आरंभ तिचा नव्हे. ही संमती कृपेचे अटळ फल की स्वतंत्र इच्छेचा होकार, यावर १५८८ मध्ये मोलिनाचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून जेझुइट आणि डोमिनिकन यांच्यात जे रण माजले, ते १६०७ मध्ये पाचव्या पॉलने कोणालाच पाखंडी न ठरविता थांबविले. तो वाद सुटलेला नाही. परंतु 'मर्जी' या अर्थाच्या शब्दावर तो उभाच राहू शकत नाही. मर्जी आत शिरून इच्छेला हलवीत नाही.

मग मराठीत 'प्रसाद' हा शब्द का योजला गेला नाही, हा प्रश्न साहजिक उद्भवतो. 'प्रसाद'मध्ये देवाची प्रसन्नता आहे, आणि हातावर पडणारी, मुखात जाणारी वस्तूही आहे. अक्वायनसचे पहिले दोन अर्थ एकाच शब्दात येथे नांदतात, आणि 'खारिस'मधील आनंद जो 'कृपे'त हरवला होता तो 'प्रसन्न'च्या रूपाने परत मिळतो. तो देवळातील नैवेद्याशी निगडित असल्याने धर्मोपदेशकांनी टाळला असणे स्वाभाविक आहे. पण हे कारण सर्वत्र निर्णायक ठरलेले नाही. मलयाळम्‌ भाषक कॅथलिकांनी कृपेच्या या आंतरिक दानासाठी 'प्रसादवरम्‌' असा शब्द रूढ केला आहे, आणि त्यामुळे त्यांच्या उपासनेत मंदिर शिरले असे कोणी म्हणत नाही. मराठीत तर 'कृपाप्रसाद' हा जोडशब्द आयता आहे. संतवाङ्मयातील 'गुरुकृपांजन' ही कल्पनाही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तेथे कृपा डोळ्यात घातलेले अंजन होते, म्हणजे ती ग्राहकाच्या आत जाऊन त्याची दृष्टी बदलते. मराठी भाषेला आंतरिक कृपा सांगताच येत नाही, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा होईल. सांगण्याची साधने भक्तिपरंपरेत होती; ख्रिस्ती परिभाषेने ती उचलली नाहीत.

सर्वांत अनपेक्षित उत्तर मात्र शेजारच्या बोलीत सापडते. गोव्यातील कोंकणी प्रार्थनेत मरीयेला 'कुर्पेन भरलेले' असे संबोधिले जाते. 'कुर्पा' हे 'कृपे'चेच वर्णविपर्यासाने झालेले रूप; तेव्हा शब्दाच्या अर्थाची अडचण तेथेही तीच. पण समास मोडून तृतीया विभक्ती आणि धातुसाधित यांची रचना केल्याबरोबर वाक्याचा तोल बदलतो. 'कृपेने भरलेली' ही कृपाळू असू शकत नाही असे नव्हे, पण ती आधी भरली गेली आहे. भरणारा अन्य कोणी आहे. लॅटिनमधील पूर्णतेची कल्पना येथे राहिली आणि ग्रीकातील कर्मणि भाव, जो लॅटिनने गमावला होता, तो कोंकणीच्या साध्या '-लेले' प्रत्ययाने परत आणला. ल्यूथरच्या पिंपाचा विनोद या रचनेला अधिकच लागू पडेल असे वाटण्याचा संभव आहे. परंतु कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत घागर पाण्याने भरते तसे डोळेही पाण्याने भरतात आणि मन दुःखाने भरते. 'भरणे' येथे भांड्यांपुरते राहिलेले नाही. जर्मन कानाला जे हास्यास्पद वाटले ते या कानाला वाटत नाही. मराठी प्रार्थनापाठाची पुढे कधी उजळणी होईल तेव्हा संस्कृत समासाच्या भारदस्तपणावर विसंबण्यापूर्वी संपादकांनी हे दोन कोंकणी शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत.